‘येस’ म्हणालो आणि कंटेनर निघून गेला: इंग्रजीतल्या नकारार्थी प्रश्नांना उत्तर कसं द्यायचं

मी दिंडोरी रोडला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघतो. मराठी मीडियमचा, नाशिकमध्येच वाढलेलो, इंग्रजी लिहायला बरं, बोलायला कामापुरतं. तीन-चार सीझनपूर्वीची गोष्ट, फेब्रुवारी महिना, एक्स्पोर्टची ऐन धावपळ, आणि नेदरलँड्सच्या बायरकडच्या क्वालिटीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर. त्यांनी विचारलं, ‘द कंटेनर हॅजन्ट लेफ्ट येट, हॅज इट?’ म्हणजे कंटेनर अजून निघाला नाही ना? मी एकदम कॉन्फिडन्समध्ये, ‘येस मॅडम!’ मनात काय होतं, तर हो मॅडम, बरोबर, नाही निघाला अजून. त्या ‘ग्रेट’ म्हणाल्या आणि कॉल संपला.

संध्याकाळी मेल. कंटेनर नंबर द्या, सील नंबर द्या, न्हावाशेवाला कधी पोचतोय सांगा. इकडे आमच्या प्री-कूलिंगमध्ये अर्धे पॅलेट पण भरून झाले नव्हते. मालक केबिनमधून ओरडले, ‘अरे कंटेनर इथं उभाय, तू गेला म्हणून कसं सांगितलंस?’ मी म्हटलं, ‘दादा, मी कुठं गेला म्हणालो, मी फक्त हो म्हणालो.’

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, कारण ही चूक माझ्या एकट्याची नाहीये, कॉलवर बसणारी, इंटरव्ह्यू देणारी, परदेशात शिकायला जाणारी आपली बहुतेक मंडळी ती करतात, आणि शाळेत हे कुणी नीट सांगत नाही. पॅसिव्ह व्हॉइस घोटून घेतात, पण हे नाही. म्हणून जे मला उशिरा कळलं ते नवीन लोकांसाठी स्टेप बाय स्टेप लिहितोय.

स्टेप १: आपला ‘हो’ आणि त्यांचा ‘येस’ हे भाऊ नाहीत हे मान्य करा

सगळी गडबड इथंच आहे. मराठीत कुणी विचारलं, ‘काल आला नाहीस का रे?’ आणि आपण आलो नव्हतो, तर आपण म्हणतो, ‘हो ना, नाही जमलं.’ हा हो कुणाला आहे? समोरच्याला. म्हणजे तू म्हणतोयस ते बरोबर आहे, असं. आपला हो समोरच्याच्या बोलण्यावर शिक्का मारतो.

इंग्रजीतला येस समोरच्याकडे बघतच नाही. तो फक्त तुमच्या स्वतःच्या वाक्याकडे बघतो. तुमचं खरं उत्तर होकारी वाक्य असेल (आय केम, मी आलो होतो) तर येस. नकारी वाक्य असेल (आय डिडन्ट कम) तर नो. प्रश्न कसा विचारला, सरळ की उलटा, त्याला काय वाटत होतं, काही फरक पडत नाही. कंटेनर निघाला असेल तर येस, निघाला नसेल तर नो, मग त्यांनी ‘हॅज इट लेफ्ट’ विचारू दे नाहीतर ‘हॅजन्ट इट लेफ्ट’ विचारू दे.

आता यात एक मानसिक अडचण पण आहे आणि ती व्याकरणापेक्षा मोठी आहे असं माझं मत. आपल्याला मोठ्या माणसाला, साहेबाला, क्लायंटला तोंडावर ‘नो’ म्हणणं उद्धट वाटतं. तो विचारतोय ‘यू हॅवन्ट रिसीव्ह्ड द मेल?’ आणि आपण ‘नो सर’ म्हणालो तर आपण त्याला खोटं पाडतोय असं वाटतं, म्हणून तोंडातून आपोआप ‘येस सर’ निघतं. पण इंग्रजीत इथं नो म्हणजेच त्याच्याशी सहमत होणं आहे. नो सर, आय हॅवन्ट. यात काहीही उद्धटपणा नाही, उलट येस म्हणालात तर मेल मिळालाय असा अर्थ होतो आणि मग उत्तर का नाही दिलं म्हणून तो चिडणार.

खरं सांगायचं तर मराठी पण शंभर टक्के एका बाजूची नाहीये. ‘पैसे नाहीयेत का?’ याला आपण ‘हो, नाहीयेत’ म्हणतो, नुसतं ‘नाहीयेत’ पण म्हणतो, आणि ‘नाही ना’ तर फार जण म्हणतात. शिवाय ‘नाही हो’ असं पण म्हणतो, म्हणजे नाही आणि हो एकाच दमात, आणि समोरच्याला बरोब्बर कळतं, कारण तो हो वेगळाच, अहो-जाहोतला. ही आपल्या भाषेची मजा आहे, फक्त ती कॉलवर इंग्रजीत न्यायची नाही.

स्टेप २: प्रश्नातला ‘नॉट’ खोडून टाका

ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. प्रश्न ऐकला की मनातल्या मनात त्यातला नॉट खोडायचा आणि उरलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

‘डोन्ट यू लिव्ह इन सिडको?’ नॉट खोडला, डू यू लिव्ह इन सिडको? मी राहतो इंदिरानगरला. मग नो.

‘हॅवन्ट यू हॅड ब्रेकफास्ट?’ खोडला, हॅव यू हॅड ब्रेकफास्ट? सकाळीच मिसळ हाणलीये, पापड, दही सगळं. मग येस.

‘आरन्ट यू फ्रॉम नाशिक?’ आर यू फ्रॉम नाशिक? येस, ऑफ कोर्स.

याचा एक जबरदस्त फायदा आहे. फोनवर तो बारीक ‘न्ट’ आपल्याला नेहमी ऐकू येतोच असं नाही. ब्रिटिश माणूस ‘कान्ट’ म्हणतो ते तरी कळतं, अमेरिकन माणसाचं ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यात तर आपल्या कानाला काही फरकच लागत नाही. पण येस-नो प्रश्नाकडे बघतच नसेल तर तो न्ट ऐकू आला काय आणि नाही आला काय, तुमचं उत्तर तेच राहतं. म्हणजे ‘डिड यू सेंड द रिपोर्ट’ होतं का ‘डिडन्ट यू सेंड’ होतं यात डोकं घालायचंच नाही, पाठवला असेल तर येस, नसेल तर नो.

नॉट वेष बदलून पण येतो. नेव्हर, नोबडी, नथिंग, हे सगळे त्याचेच नातेवाईक. ‘यू हॅव नेव्हर बीन टू त्र्यंबक?’ गेला असाल तर येस, आय हॅव. नसाल तर नो, नेव्हर (आणि मग लाज वाटली पाहिजे, तीस किलोमीटरच्या आत आहे).

स्टेप ३: येस-नोला शेपूट लावल्याशिवाय सोडू नका

एवढं एकच केलंत आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नुसतं येस किंवा नुसतं नो कधीच म्हणायचं नाही, मागे एक छोटं वाक्य जोडायचंच. येस, आय डिड. नो, आय हॅवन्ट. नो, इट इजन्ट.

आणि हे आपल्याला जड जायचं कारण नाही, कारण मराठीत आपण हेच करतो. ‘जेवलास का?’ याला आपण हो म्हणतो का फार? ‘जेवलो’ म्हणतो. ‘बस गेली का?’ ‘गेली.’ ‘पेट्या आल्या का?’ ‘नाही आल्या.’ आपण क्रियापदच परत म्हणतो आणि विषय संपतो. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर कंडक्टरला विचारा, ‘ही पेठला जाते का?’ तो ‘जाते’ म्हणेल किंवा ‘नाही जात’ म्हणेल (किंवा काहीच नाही म्हणणार, ते वेगळं). इंग्रजीत पण तीच सवय न्या, फक्त एक फरक आहे, तिथं मुख्य क्रियापद नाही तर त्याच्या पुढचा मदतनीस परत म्हणायचा.

मदतनीस शोधायला कुठं जायचं नाही, तो प्रश्नातच बसलेला असतो. ‘डिडन्ट यू’ मध्ये डिड, ‘हॅवन्ट दे’ मध्ये हॅव, ‘इजन्ट ही’ मध्ये इज, ‘वोन्ट शी’ मध्ये विल, ‘कान्ट वी’ मध्ये कॅन. तो उचला, येस असेल तर तसाच ठेवा, नो असेल तर न्ट लावा.

‘डिडन्ट दे पे?’ येस, दे डिड. नाहीतर नो, दे डिडन्ट.

‘वोन्ट शी कम टुमॉरो?’ येस, शी विल. नाहीतर नो, शी वोन्ट.

फक्त दोन जोड्या कधीच लावायच्या नाहीत: ‘येस, आय डिडन्ट’ आणि ‘नो, आय डिड’. ऐकणाऱ्याला कळतच नाही की यातलं खरं कुठलं अर्धं. पण तरी सांगतो, चुकून ‘येस, आय डिडन्ट’ निघालं तरी ते नुसत्या येसपेक्षा परवडलं, कारण बहुतेक वेळा समोरचा मागच्या शेपटावर विश्वास ठेवतो किंवा निदान परत विचारतो. नुसत्या येसवर त्या मॅडमनी परत विचारलं नव्हतं.

माझी भाची आयर्लंडला नर्स आहे, ती म्हणते आमच्याकडे तर हे नियमासारखंच झालंय. ऑपरेशनच्या आधी पेशंट उपाशी असावा लागतो. ‘यू हॅवन्ट ईटन एनिथिंग सिन्स मिडनाइट?’ असं विचारलं आणि आशियातला पेशंट ‘येस’ म्हणाला की ती थांबते आणि सरळ करून विचारते, लास्ट कधी खाल्लं, काय खाल्लं. औषधाच्या ॲलर्जीचं पण तेच, ‘यू आर नॉट ॲलर्जिक टू एनिथिंग?’ ला येस आलं तर त्याचा अर्थ लावत बसायचं नाही, परत विचारायचं. आमचा कंटेनर होता, तिच्याकडे माणूस असतो टेबलवर.

स्टेप ४: जीभ ‘हो’ कडे वळली तर तिला ‘राइट’ द्या

हे मला फार उशिरा सापडलं. आपल्या हो मधला जो शिक्का मारायचा भाग आहे ना, तू म्हणतोस ते बरोबर, त्याला इंग्रजीत शब्द आहे, फक्त तो येस नाहीये. तो आहे ‘राइट’, ‘दॅट्स राइट’, ‘करेक्ट’.

‘सो द लॅब रिपोर्ट इजन्ट रेडी?’ ‘दॅट्स राइट, इट इजन्ट.’

एकदम मराठीसारखं, बरोबर आहे, नाही झाला. ऑफिसच्या कॉलवर तर हे ‘नो’ पेक्षा पण छान वाटतं, मऊ. फक्त लक्षात ठेवा, राइट मात्र समोरच्याच्या वाक्याकडे बघतो, म्हणजे इथं न्ट नीट ऐकू आलेला पाहिजे, आणि शेपूट इथं पण लावायचंच.

स्टेप ५: शेवटी चिकटलेला प्रश्न, म्हणजे आपला ‘ना’

‘यू आर नॉट कमिंग, आर यू?’ ‘इट डिडन्ट रेन, डिड इट?’ हे इंग्रज लोक फार करतात. आपण ‘ना’ लावतो तिथं ते हे लावतात. येणार नाहीस ना? पाऊस नाही झाला ना? आपला ना एकच, सगळीकडे चालतो, त्यांचा दरवेळी बदलतो, असो.

नवीन माणूस इथं गोंधळतो कारण पुढे नॉट आहे आणि मागे नाहीये, मग उत्तर पुढच्याला द्यायचं का मागच्याला? कुणालाच नाही. परत तेच, स्वतःचं वाक्य. येणार असाल तर येस, आय ॲम. नसाल तर नो, आय ॲम नॉट.

आमच्या धंद्यात यातला सगळ्यात डेंजर प्रश्न म्हणजे फवारणीच्या औषधांचा. युरोपात द्राक्ष पाठवायचं म्हणजे रेसिड्यूची (द्राक्षात उरलेल्या औषधाची) तपासणी, ग्रेपनेट या एक्स्पोर्टच्या सरकारी ऑनलाइन सिस्टिमवर प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, कुठलं औषध कधी मारलं आणि तोडणीच्या किती दिवस आधी थांबवलं ते सगळं. ऑडिटर प्लॉटवर येतो आणि शेतकऱ्याला विचारतो, ‘यू हॅवन्ट यूज्ड एनी बॅन्ड प्रॉडक्ट, हॅव यू?’ आता शेतकरी प्रामाणिक, वही अपडेट, आणि तो छाती पुढे काढून म्हणतो ‘येस सर’. झालं का मग! त्याला म्हणायचंय हो साहेब, बिलकुल नाही मारलं, आणि इंग्रजीत त्यानं कबुली दिली की मारलंय. मी शेजारी उभा असेन तर लगेच मध्ये पडतो, ‘नो, ही हॅजन्ट’. आता तर सीझनच्या सुरुवातीलाच, गोडी छाटणीच्या (फळ धरायच्या छाटणीच्या) मीटिंगला सगळ्यांना एक वाक्य पाठ करून घेतो: ‘नो सर, नेव्हर.’

कधी कधी चिकटवलेला प्रश्न पण नसतो, नुसतं वाक्यच शेवटी आवाज वर चढवून विचारतात, ‘सो यू डोन्ट हॅव द सर्टिफिकेट?’ नियम तोच. इंटरव्ह्यूमध्ये हे हमखास येतं. ‘यू डोन्ट हॅव एनी प्रॉब्लेम विथ नाइट शिफ्ट?’ अंबड-सातपूरच्या कंपनीत उभ्या असलेल्या मुलानं उत्साहात ‘येस सर’ म्हटलं म्हणजे मला प्रॉब्लेम आहे. ‘नो सर, नो प्रॉब्लेम ॲट ऑल’ म्हणायचं. मराठीत पण इथं आपण ‘नाही सर, काही प्रॉब्लेम नाही’ असंच म्हणतो, म्हणजे इथं मातृभाषेचं ऐकलं असतं तरी वाचलो असतो.

स्टेप ६: जे प्रश्न नाहीतच ते ओळखा

काही वाक्यं दिसायला नकारार्थी प्रश्न पण आतून आग्रह. ‘वोन्ट यू हॅव सम टी?’ म्हणजे आपलं ‘चहा नाही घेणार का?’ यात चौकशी नाहीये, चहा टाकलाय. हवा तर ‘येस, प्लीज’, नको तर ‘नो, थँक यू’. आपल्यासारखं तीनदा नको नको करून चौथ्यांदा घ्यायचं तिकडे जमत नाही, पहिल्या नोला कप परत जातो.

‘व्हाय डोन्ट यू’ ने सुरू होणारं तर हमखास फसवतं. बर्लिनला फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका नावाचं फळांच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरतं. एका बायरनं आमच्या सहकाऱ्याला प्रेमानं म्हटलं, ‘व्हाय डोन्ट यू कम टू बर्लिन?’ आणि या भाऊंनी कारणं द्यायला सुरुवात केली, बिकॉज व्हिसा, बिकॉज सीझन, बिकॉज मुलाची दहावी. तो बिचारा फक्त ‘या की बर्लिनला’ म्हणत होता. याला उत्तर ‘दॅट वुड बी नाइस’ वगैरे.

स्टेप ७: ‘डू यू माइंड’, उलटा गिअर

यात नॉट नाही तरी उत्तर उलटं वाटतं. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ म्हणजे मी इथं बसलो तर तुमची हरकत आहे का? हरकत नाही, म्हणून नो. ‘नो, गो अहेड.’ येस म्हणालात तर हरकत आहे. माइंडच्या जागी मनात ‘हरकत’ हा शब्द ठेवला की विषय संपला. बोलताना तेच लोक ‘शुअर’ म्हणून बसू देतात, आणि खरं तर तेच सोपं, येस-नोच्या भानगडीतच पडायचं नाही.

थोडं विषयांतर, पण मजेशीर

हा घोळ आपल्याच डोक्यात आहे असं समजू नका. जपानी लोकांचा ‘हाय’ बराचसा आपल्या होसारखाच चालतो, त्यामुळे ते पण इंग्रजीत इथंच अडखळतात. जर्मनमध्ये नकारार्थी प्रश्नाला उलटं उत्तर द्यायला वेगळाच शब्द ठेवलाय, ‘डॉख’, आणि फ्रेंचमध्ये ‘सी’. नाही आलास? डॉख! म्हणजे आलो होतो की. आपला ‘की’ थोडा तसाच आहे.

आणि गंमत म्हणजे इंग्रजीत पण पूर्वी चार शब्द होते, येस, नो, ये आणि ने. साध्या प्रश्नाला ये किंवा ने, नकारार्थी प्रश्नाला येस किंवा नो. म्हणजे येसचा जन्मच मुळात नकाराला खोडून काढायला झालेला. १६ व्या शतकात ही व्यवस्था मोडत चालली होती, तेव्हा इंग्लंडमधला विद्वान थॉमस मोरनं बायबलचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडेलला तुला नो आणि ने यातला फरक कळत नाही म्हणून झापलं होतं. तेव्हाच्या विद्वानांना जमत नव्हतं तर आपण कशाला मनाला लावून घ्यायचं. चारचे दोन झाले आणि सगळा भार येस-नोवर आला. आज पण नुसतं येस ऐकून इंग्रज माणूस कधी कधी परत विचारतोच, येस यू डिड, का येस यू डिडन्ट?

स्टेप ८: सराव, तो पण रोजचा

पुस्तक घेऊन बसू नका, हे तोंडाचं काम आहे. मी आणि माझा मित्र सिटीलिंकच्या बसमध्ये नाशिकरोडपर्यंत हाच खेळ खेळायचो. एकानं फक्त उलटे प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं दोन सेकंदांत शेपटासकट उत्तर द्यायचं, नुसतं येस किंवा नो म्हणाला तर उतरल्यावर चहाचे पैसे त्याचे. पहिल्या आठवड्यात माझेच पैसे गेले. प्रश्न आजूबाजूचेच घ्यायचे. इजन्ट धिस द्वारका? डिडन्ट वी पास द सिग्नल? यू डोन्ट हॅव अ सीट, डू यू? तिसऱ्या आठवड्यात डोक्यात भाषांतर व्हायचं बंद होतं आणि मदतनीस आपोआप तोंडात येतो.

आणि अडकलातच, कॉल चालू आहे, प्रश्नात दोन-तीन नॉट आहेत, काही कळत नाहीये, तर येस-नो सोडा आणि सरळ वस्तुस्थिती सांगा. ‘द कंटेनर इज स्टिल हिअर.’ त्या दिवशी मी एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं.

या सीझनला परत त्याच मॅडम कॉलवर होत्या. ‘यू हॅवन्ट चेंज्ड द लेबल, हॅव यू?’ मी म्हटलं, ‘नो, वी हॅवन्ट.’ त्या खूश, कॉल संपला. मागे आमचा ड्रायव्हर उभा होता, त्याचा चेहरा पडलेला. म्हणाला, ‘दादा, तुम्ही त्यांना डायरेक्ट नो म्हणाले. ऑर्डर गेली का?’

‘नाही हो,’ मी म्हटलं.